दोऱ्यात ओवलेलं ऊन

आमच्या उत्तमला एक वाईट खोड आहे. ज्याचं उत्तर द्यायचं नसतं, तिथं तो म्हणतो, "आई, तुला त्यातलं कळत नाही." डॉक्टर काय म्हणाला विचारलं तरी हेच आणि म्हैस का विकली विचारलं तरी हेच. म्हैस मी पाळली होती. पोटचा पोरगा आहे म्हणून मी झाकून ठेवणार नाही. खोड ती खोड.

त्या सोमवारी ताटावर बसून त्यानं मला तेच ऐकवलं. मी भाकरी वाढत होते आणि विचारत होते, की क्लबातल्या टेनिस कोर्टावरचे दिवे रोज सातालाच कसे जातात. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत तेच दिवे आठ वाजेपर्यंत लख्ख जळत होते. आता आठवडा झाला, पोरींचे हात जरा मोकळे होतात न होतात तोवर काळोख. उत्तमनं भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि सांगितलं, की पोरींना शिकवणाऱ्या फडतरे मॅडमना विचार, त्या दुपारपासूनच दिवे लावून ठेवतात, मग ब्याटऱ्या रिकाम्या होणार नाहीत तर काय. भर दुपारी दिवे कशाला लावतील त्या, असं मी म्हटलं. त्यावर मान वर न करता त्यानं आपलं ते वाक्य टाकलं.

तिसरी शिकलेली बाई मी. ब्याटरीच्या पोटात काय असतं ते मला खरंच ठाऊक नव्हतं.

हे दिवे आले कसे ते सांगते, नाहीतर माझा राग कुणाला कळायचा नाही. आमच्या घराच्या भिंतीला लागून प्रभात क्लब आहे. मुरुमाची दोन टेनिस कोर्टं, एक मोठी शेड, आणि पत्ते खेळायची एक खोली. सकाळी डॉक्टर-वकील खेळायचे, पाच वाजता साहेब लोक. पोरींना कोर्ट मिळायचं ते साडेसहानंतर, म्हणजे दिवस बुडाल्यावर. बुडालेल्या दिवसात चेंडू दिसतो होय? मग एका संस्थेच्या बाई पुण्याहून आल्या. म्हणाल्या, शेडवर आम्ही सोलरच्या काचा बसवून देतो. दिवसभर त्या ऊन पितील, ब्याटऱ्यांत साठवतील आणि संध्याकाळी कोर्टावर दिवे लागतील. भारनियमनाची भीती नाही. अट एकच, पोरींचा सराव बंद पडता कामा नये.

बाकीचे विचारात पडले, पण मला ते तिथल्या तिथं पटलं. आमचा बायकांचा गट उन्हाळाभर माझ्या गच्चीवर कुरडया घालतो. ऊन साठवायचं आणि लागेल तेव्हा काढायचं, यात आम्हाला नवीन ते काय? श्रावणात कुरडई तेलात सोडली की फुलतं ते चैत्रातलं ऊनच की.

उत्तम क्लबचा सेक्रेटरी. तो म्हणाला, दिवे येतील, पण दिवस बुडाल्यावर आया पोरींना सोडणार नाहीत. म्हणून मी पायात चपला घातल्या आणि गल्लीगल्लीनं हिंडले. आठ घरांत बसले, आठ घरांचा चहा प्याले आणि आठही ठिकाणी एकच सांगितलं, माझ्या शब्दावर पाठवा, उजेड असेल. आठ पोरी आल्या. दिवाळीत उद्घाटनाचा खटका त्यांनी माझ्या हातानं दाबून घेतला. खांबावरचे दिवे लागले तेव्हा मुरूम असा दिसला, की जणू हळद पसरलीय.

तर मंगळवारी संध्याकाळी मी कोर्टावर गेले आणि फडतरे मॅडमना आठही पोरींसमोर फाडफाड बोलले. फुकटची वस्तू म्हणून उधळायची नसते म्हणाले. तुमच्या घरचे दिवे दुपारी लावता का म्हणाले. अजून एक बोलले, ते इथं लिहिण्यासारखं नाही. शाळेत खेळ शिकवणारी साधी पोरगी ती, तिशीची असेल. गळ्यातल्या शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत उभी राहिली.

माझं संपल्यावर हळूच म्हणाली, "आक्का, मी पाचपर्यंत शाळेत असते. ब्याटऱ्यांच्या खोलीची किल्ली माझ्याकडं नाही."

ऐकलं मी. कानानं ऐकलं आणि तिथंच सोडून दिलं. रागाच्या माणसाला आपलं बोलून झाल्यावर दुसऱ्याचं ऐकायचा कंटाळा असतो. पोटच्या पोराचा शब्द एका बाजूला आणि परक्या पोरीचा दुसऱ्या बाजूला. मी घरचा तराजू वापरला.

बुधवारी कावेरी पडली.

कावेरी रंजना कोष्टीची. रंजना माझ्या गटात सोऱ्या दाबते, तिच्या हातची कुरडई एकसारखी पडते, मोजून घ्यावी अशी. पोरगी डावखुरी, बांबूसारखी उंच. मॅडम म्हणायच्या, महिन्यावर जिल्ह्याची निवड आलीय, ही नक्की जाते. त्या बुधवारी सातला पाच कमी असताना कावेरी चेंडूमागं पळत होती आणि दिवे गेले. धावतं माणूस अंधारात एकदम थांबत नाही. कोर्टाच्या कडेला मुरूम दाबायचा लोखंडी रूळ ठेवलेला असतो, त्यावर ती हनुवटीवर आदळली. पाच टाके पडले. पुढं तिचा फोटो पेपरात आला, त्यातही ती खूण दिसते, पण ते पुढचं.

गुरुवारी पहाटे रंजना कामावर आली. मला वाटलं होतं येणार नाही. आली, चुलीवर चीक ढवळला, सोऱ्या धुतला, गच्चीवर कपडा अंथरला आणि कुरडया घालायला लागली. आम्ही सहाजणी, एरवी खाली रस्त्यापर्यंत ऐकू जावं इतकी बडबड करणाऱ्या, त्या दिवशी नुसता सोऱ्याचा करकर आवाज. नऊ वाजता मीच विचारलं, पोरीला दुखतंय का फार.

रंजना म्हणाली, "तिला नाही दुखत, आक्का. मला दुखतंय. मी क्लबच्या शब्दावर नव्हती पाठवली."

एवढं बोलून तिनं पुढची कुरडई घातली. ती ओरडली असती तर मी दोन शब्द तिला ऐकवले असते आणि मोकळी झाले असते.

त्याच दिवशी उत्तम जेवायला आला तेव्हा मी त्याला दारातच धरलं. या वेळी मॅडमचं नाव निघालं नाही, कारण मॅडम बुधवारी साडेसहालाच कोर्टावर आल्या हे सगळ्या गल्लीनं पाहिलं होतं. या वेळी नवीन निघालं. म्हणाला, हवा ढगाळ आहे. शिमग्यापासून रोज ढगाळ. काचांना ऊन लागत नाही, ब्याटऱ्या भरत नाहीत. त्यानं वहीत रोजच्या रोज तसं लिहिलंय आणि रविवारी कमिटीपुढं ठेवणार आहे. पोरींचा सराव तूर्त बंद करायचा ठराव येईल, निकम वकील अध्यक्ष आहेत, ते सही करतील. अपघात झाल्यावर क्लब जोखीम कशी घेणार.

"ढगाळ?" मी म्हणाले.

"आई, तुला त्यातलं कळत नाही."

खोटं बोलणाऱ्यानं कुठंही बोलावं, पण माझ्या अंगणात येऊन उन्हाबद्दल बोलू नये.

माझ्या स्वयंपाकघरात, फडताळाशेजारच्या खिळ्याला, दर उन्हाळ्यात एक दोरा लोंबतो. मला लिहायचा आळस, आणि खरं तर लिहिताही धड येत नाही. सासूनं शिकवलेली रीत आहे. त्या त्या दिवशी घातलेल्यातली एक कुरडई पुरती वाळली की दोऱ्यात ओवायची. उद्या कुणी गिऱ्हाईक म्हणालं, तुमची कुरडई आंबूस लागली, तर कुठल्या दिवसाची ते दोऱ्यावर बघायचं. कुरडईला पहिल्याच दिवशी कडक ऊन लागलं तर ती मोत्यासारखी पांढरी होते. त्या दिवशी आभाळ आलं, तर पुढं चार दिवस सोन्यासारखं ऊन दाखवा, तिचा तांबूसपणा जात नाही. माणूस विसरतं. कुरडई विसरत नाही.

मी दोरा खिळ्यावरून काढला आणि उजेडात धरला. धुळवडीपासूनच्या कुरडया. एक, दोन, तीन, चार पांढऱ्या. पाचवी तांबडी. ती रंगपंचमीची, त्या दिवशी खरंच आभाळ भरून आलं होतं आणि तरी आम्ही सोऱ्या थांबवला नव्हता, कारण भिजलेला गहू सणासाठी थांबत नाही. त्यापुढच्या पुन्हा सगळ्या पांढऱ्याशुभ्र. माझ्या कुरडया भिंतीच्या अलीकडं, त्याच्या काचा भिंतीच्या पलीकडं. मध्ये वीतभर विटा. ऊन काय भिंत बघून पडतं?

आता हे कळलं, की पोरगा खोटं बोलतोय. का बोलतोय ते कळेना, आणि त्यानं माझी झोप गेली.

शुक्रवारी दुपारी कुरडया उलटायला मी एकटीच गच्चीवर गेले. अडीच वाजले होते. दोन ते पाच आमच्याकडं भारनियमन, सगळी गल्ली मेल्यासारखी पडलेली, कुठं पंखा नाही, कुठं टीव्ही नाही. त्या शांततेत मला थेंब पडल्याचा आवाज आला. टप. टप. उन्हाळ्यात पाणी कुणाचं सांडतंय म्हणून मी कठड्यावरून वाकून बघितलं. क्लबच्या पत्त्यांच्या खोलीच्या मागं, भिंतीला नवा एसी लावलेला. त्याची नळी ठिबकत होती आणि खाली मातीत इतका चिखल झाला होता की त्यात चिमण्या आंघोळ करत होत्या. एसीची पांढरी वायर पत्र्याच्या कडेकडेनं गेली होती, थेट ब्याटऱ्यांच्या खोलीत.

मी खाली उतरले आणि क्लबचा माळी दादू, माझ्या नवऱ्याच्या वयाचा माणूस, त्याला फाटकाशी गाठलं. त्याला काही लपवायचं आहे हेच ठाऊक नव्हतं. सांगितलं त्यानं सरळ. शिमग्याला एसी बसवला. दुपारी लाइट गेली की ब्याटऱ्यांच्या खोलीतला खटका खाली करायचा, मग पत्त्यांच्या खोलीत ब्याटरीची लाइट येते. पाचला लाइट आली की खटका वर. उत्तमसाहेबांचा हुकूम. रोज का, विचारलं. म्हणाला, रोज, फक्त रंगपंचमीला नाही, त्या दिवशी पत्त्यांची खोली बंद होती.

रंगपंचमीला. रंग धुऊन पोरी त्या संध्याकाळी खेळायला आल्या होत्या, आणि कोर्टावरचे दिवे आठपर्यंत जळले होते. मला आठवलं, कारण मी गच्चीवरून तांबड्या पडणाऱ्या कुरडयांकडं बघत चरफडत होते आणि पलीकडं चेंडूचे आवाज येत होते.

मी घरी जाऊन भांडले नाही. घरात भांडले असते तर ते आई-लेकाचं भांडण झालं असतं, आणि पोरींचा ठराव रविवारी सुखानं पास झाला असता.

रविवारी तीन वाजता कमिटी बसली. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी सुपात तो दोरा ठेवला, वर फडकं टाकलं आणि रंजनाला म्हणाले, चल. ती म्हणाली, कुठं. मी म्हणाले, जिच्या शब्दावर पोरगी पाठवलीस तिच्यामागं.

रस्ता तव्यासारखा तापला होता. गल्लीत लाइट नव्हती. पत्त्यांच्या खोलीचं दार ढकललं आणि अंगावर काटा आला. गारठ्यानं. आत निकम वकील, आणखी चार-पाचजण, कोपऱ्यात फडतरे मॅडम उभ्या. बसायला कुणी सांगितलं नव्हतं बहुतेक. उत्तम वहीतून वाचत होता: सोमवार ढगाळ, मंगळवार ढगाळ, बुधवार ढगाळ. मला बघून त्याचा आवाज अडकला. पण माणसं पुढ्यात होती, म्हणून तसाच वाचत राहिला. वाचून झाल्यावर म्हणाला, तेव्हा उन्हाअभावी मुलींचा सराव बंद करण्यात यावा.

निकम वकिलांनी मला नमस्कार केला आणि खुर्ची पुढं केली. मी बसले नाही. वकील माणूस सभ्य, पण सभ्य माणसाला आपल्या डोक्यावर वारा कुठून येतो ते बघायची सवय नसते.

मी विचारलं, "वकीलसाहेब, बाहेर लाइट आहे का?"

ते म्हणाले, भारनियमन आहे, आक्का, पाचला येईल.

"मग हा गारवा कुठल्या उन्हाचा?"

सगळ्यांनी एसीकडं बघितलं. तेरा-चौदा दिवस त्याच्याखाली बसून पत्ते पिसणारी माणसं, पण वर बघितलं त्या दिवशी. एकजण पुटपुटला, जनरेटर असेल. दादू दारात उभा होता, तो म्हणाला, जनरेटर दोन वर्षं बंद आहे साहेब, खटका मीच खाली केलाय.

मी फडकं काढलं आणि दोरा टेबलावर, उत्तमच्या वहीवर, पसरला. धुळवडीच्या कुरडईपासून एकेकीवर बोट ठेवत गेले. वार मला त्याच्यापेक्षा चोख पाठ होते. प्रत्येक कुरडईला त्याचा ढग विचारला. रंगपंचमीच्या तांबडीवर आले तेव्हा वकिलांना म्हणाले, वहीत बघा काय लिहिलंय. त्यांनी पान उलटलं. लिहिलं होतं, सुट्टी. मी सांगितलं, उभ्या पंधरवड्यात ढग आला तो या एका दिवशी, आणि दिवे आठपर्यंत जळले ते या एकाच दिवशी, कारण तुमची खोली बंद होती.

वकील स्वतः उठले आणि त्यांनी एसी बंद केला. ठरावाचा कागद त्यांनी फाडला नाही, नुसता घडी करून खिशात ठेवला. मग दादूकडून ब्याटऱ्यांच्या खोलीची किल्ली घेतली आणि टेबलावरून मॅडमच्या बाजूला सरकवली. मॅडमनी ती लगेच उचलली नाही. माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "मॅडम, मंगळवारी मी तुम्हाला पोरींसमोर बोलले. उद्या त्याच पोरींसमोर येऊन परत घेईन. इथं घेतलं तर ते स्वस्तात होईल."

तेव्हा कुठं त्यांनी किल्ली उचलली.

इतका वेळ उत्तम खाली मान घालून बसला होता. वाटलं, आता एक शब्द बोलेल. चुकलं म्हणेल. एवढा एक शब्द म्हणाला असता, तर मी सूप उचलून घरी गेले असते, देवाशपथ. पण खोलीत उकडायला लागलं होतं, त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि सगळे त्याच्याकडं बघत होते. तो उठला आणि मला दटावल्यासारखं म्हणाला, "आई, मोठी माणसं इथं येऊन बसतात, त्यांच्यामुळं क्लब चालतो. उकाड्यात बसतील का ती? आणि पोरी त्या किती, आठ. उद्या लग्नं होऊन जातील. तुला त्यातलं कळत नाही."

रंजना माझ्यामागं उभी होती. तिचा श्वास मला मानेवर लागला.

मी दोरा उचलला, एकही कुरडई मोडू न देता सुपात ठेवला, वर फडकं नीट केलं. मग त्याच्याकडं बघितलं. बेचाळीस वर्षांचा माझा थोरला लेक.

"उत्तम, मी बांध कोरणारा बघितलाय. दुसऱ्याच्या पाळीचं पाणी फिरवून घेणारा बघितलाय. त्यांना निदान अंधार पडायची वाट बघावी लागते. तू भर दुपारी, खुर्चीवर बसून, आठ पोरींचं ऊन चोरलंस. वर चोरी झाकायला आभाळावर आळ घेतलास, आणि त्याआधी त्या गरीब मास्तरणीवर. ब्याटरीतलं मला कळत नाही, खरंय तुझं. चोरातलं कळतं. आणि चोर माझ्या पोटी निघाला, हे मी या चारचौघांत सांगून जातेय, म्हणजे उद्या कुणी मला विचारायला नको."